सर्वांच्या घरी पाच कोंबड्या

हरिदास अलोणे सरांना कुणी प्रश्न विचारला की घाम फुटायचा, आणि कुणाला प्रश्न विचारायची वेळ आली तर त्याहून जास्त. असा माणूस अर्थशास्त्रात, त्यातही उपयोजित अर्थशास्त्रात कसा शिरला, हे कोडं त्यांच्या पत्नीला, उर्वशीबाईंना, लग्नापासून सुटलेलं नव्हतं. उपयोजित अर्थशास्त्र म्हणजे पुस्तकातला सिद्धांत काखोटीला मारायचा, लोकांच्या दारात जायचं आणि तुमच्या घरी काय पिकतं, काय विकता, काय उरतं असं विचारत सुटायचं. सरांना तर भाजीवालीला भाव विचारतानाही अवघडल्यासारखं व्हायचं. ती म्हणेल तो भाव देऊन ते घरी यायचे आणि मागणी-पुरवठ्याचा नियम बायकोकडून नव्याने शिकायचे.

तरी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात त्यांनी आयुष्य काढलं. संशोधनही केलं. 'चंद्रपूर शहरातील उन्हाळा व माठांची मागणी' हा त्यांचा पहिला निबंध. ऊन वाढलं की माठ जास्त खपतात, असा त्याचा निष्कर्ष होता. चंद्रपुरात एखादा मे महिना काढलेल्या कुणालाही तो निबंध न वाचता ठाऊक होता. त्या निबंधाचा संदर्भ आजवर एकाच विद्वानाने दिला होता, आणि ते विद्वान म्हणजे दुसरा निबंध लिहिणारे अलोणे सर.

आता निवृत्ती तोंडावर आली, तरी सर सहयोगी प्राध्यापकच राहिले होते. आधीचा 'सहयोगी' गळून पडावा आणि नुसतं प्राध्यापक व्हावं, एवढी एकच इच्छा उरली होती. त्यासाठी विद्यापीठात मुलाखत द्यायची, आणि मुलाखतीत दाखवायला एक ताजा निबंध हवा. ही शेवटची संधी होती. यानंतर सरांच्या हाती नारळ आणि शालच यायची.

विषय त्यांनी चांगला निवडला होता. मोहफुलांच्या उत्पन्नामुळे जंगलातल्या गावात गरीब-श्रीमंत अशी दरी वाढते का? गाव निवडलं येरमेटोला, मुलचेऱ्याच्या पलीकडे, जिथे रस्ता सागाच्या झाडांना विचारून वळतो. गोंडांची वस्ती, कारभार ग्रामसभेचा. आता अनोळखी माणसांना एकदम प्रश्न विचारायचे म्हणजे सरांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी काय केलं, प्रश्नांचा कागद आधीच ग्रामसभेला पाठवून दिला, आणि सोबत लिहिलं, 'आपण सवडीने विचार करून ठेवावा.' जगातल्या कुठल्याही संशोधकाने हे केलं नसतं. पण जगातले बाकीचे संशोधक लाजत नाहीत.

मोहाचा हंगाम सरल्यावर सर एसटीने निघाले. पहिलं घर मुखरूचं.

"घरी माणसं किती, भाऊ?" सरांनी कागदात तोंड खुपसूनच विचारलं.

"पाच."

"कोंबड्या?"

"पाच."

"बकऱ्या?"

"दोन."

"सायकल?"

"अर्धी."

सरांनी मान वर केली. मुखरूचा चेहरा गंभीर होता. भावाभावांत मिळून असेल, असं समजून सरांनी 'अर्धी' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. ते सुनिलचं. सुनिल म्हणजे मिशीला पीळ आणि कोंबड्यांच्या झुंजीचा शौक. त्याच्याही घरी माणसं पाच, कोंबड्या पाच, बकऱ्या दोन, सायकल अर्धी. मोहफुलांचं उत्पन्नही मुखरूइतकंच. तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरी तेच. दुपारपर्यंत सरांना वाटू लागलं की आपण एकाच घराभोवती गोल गोल फिरत आहोत. ऊन लागलं की काय म्हणून त्यांनी डोक्याला ओला रुमाल बांधला.

गावाच्या टोकाला सोमारीबाईचं घर होतं. नवरा वारलेला, लेकी दूर दिलेल्या. एकटी म्हातारी, हे सरांना एसटीतच कंडक्टरने सांगितलं होतं.

"बाई, घरी माणसं?"

"पाच," सोमारीबाई ठणकावून म्हणाली. आत चार जण ओळीने बसले होते, फोटो काढायला बसवावेत तसे. त्यात मुखरूची पोरगी दिव्याही होती.

"तू तर मुखरूभाऊंची ना?"

"होती. आता इकडची आहो," दिव्या म्हणाली आणि ओढणीत तोंड घालून हसली.

भिंतीवरच्या खुंटीला सायकलचं पुढचं चाक लटकत होतं. फक्त चाक. बाकी सायकल कुठेच नव्हती. ते चाक पाहून मात्र सरांचा धीर सुटला आणि ते थेट ग्रामसभेच्या अध्यक्षांकडे, डोमा तुलावींकडे गेले.

"डोमाभाऊ, हे काय आहे?"

डोमाने आधी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाला, "सर, मांगं शहरातून दोघं आले होते. घरोघरी विचारलं, दिवा आहे का? ज्यानं नाई म्हटलं त्याले सोलरचा दिवा भेटला. ज्यानं आहे म्हटलं त्याले काईच नाई. दोघं सख्खे भाऊ बोलेनासे झाले. बायकांनी पान्याले जाची वाट बदलवली. मंग ग्रामसभेनं ठराव केला. बाहेरच्यानं काई बी विचारलं तं जवाब गाव देईल, घर नाई. तुमी तं मोठे भले मानूस, कागद पयलेच पाठवला. आमी बसलो."

"पण प्रत्येकाच्या घरी पाचच कोंबड्या कशा?"

"कोनी म्हने चार लिहा, कोनी म्हने सात. सुनिल तं धाच्या खाली उतरेना. आमच्याकडं हात वर करून मोजत नाई, सर. एक जरी नाई म्हनला तरी बसा पुन्हा. पार जेवन हुकलं, तवा पाचवर एकमत झालं."

"म्हणजे हे सगळं खोटं?"

डोमाला ते लागलं. "खोटं काऊन? गाव खोटं बोलत नाई. ठराव पाचचा झाला, मंग कोंबड्या हलवल्या. सुनिलच्या उचलल्या, सोमारीबाईकडं सोडल्या. बकऱ्या हलवल्या, मोहाचे पैसे बी सारखे वाटले. सोमारीबाई एकटी होती, तिले चार मानसं देल्ली. सायकली कमी, घरं जास्त. अर्धी-अर्धी बसली. कोनाकडं म्होरचं चाक गेलं, कोनाकडं मांगचं धड."

"मग चालवता कशी?"

"सध्या नाई चालवत," डोमा शांतपणे म्हणाला. "तुमची पाहनी होऊ द्या."

 सरांनी आभार मानले. आभार मानणं हे त्यांना येणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक होतं.

चंद्रपूरला येऊन त्यांनी आकडे संगणकात भरले. विषमता मोजायचं अर्थशास्त्रात एक माप असतं, गिनी गुणांक. सगळं एकाच्याच घरात असेल तर तो एक, सगळ्यांचं अगदी सारखं असेल तर शून्य. शून्य हे परीक्षेत लिहायपुरतं असतं. जगात कुठे कुणाला दिसलेलं नसतं. सरांच्या पडद्यावर मात्र ते गरगरीत, नीटनेटकं शून्य येऊन बसलं होतं.

शेजारच्या टेबलावरचे हेमराज बोरकुटे संख्याशास्त्र शिकवायचे. ते पडद्यात वाकून बघत म्हणाले, "अलोणे, हे गाव आहे का झेरॉक्सचं दुकान?"

सरांनी सगळी हकिगत सांगितली. बोरकुटे हसून हसून खुर्चीवरून घसरले. मग डोळे पुसत म्हणाले, "आता ऐका माह्यं. मुलाखत आली जवळ. थोडे आकडे हलवून घ्या. इथी दोन कोंबड्या वाढवा, तिथी तीन कमी करा. झाली विषमता तयार. कोन मोजायले जाते तिथी?"

सरांनी दार लावून प्रयत्न केला. सुनिलला नऊ कोंबड्या दिल्या. सोमारीबाईच्या घरी माणूस एक आणि कोंबडी एक केली. पण ते एक लिहिताच त्यांना वाटलं, म्हातारी कंबरेवर हात ठेवून आपल्याकडे बघते आहे. त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. ज्या पाचसाठी अख्खं गाव जेवणावाचून बसलं, तो आकडा आपण एकट्याने, तोही दार लावून, बदलायचा? छे! निदान विचारायला तरी हवं.

"विचारायले?" बोरकुट्यांनी कपाळावर हात मारला. "चोरी करायले परवानगी मांगून राह्यले का तुमी?"

पण सर गेलेच.

गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सभाघरासमोर, मोहाच्या सावलीत गाव गोल करून बसलं. बाया, माणसं, तान्ह्या पोरांसकट. सरांनाही त्याच गोलात बसवलं. आपलं म्हणणं त्यांनी दोनदा चष्मा पुसून मांडलं. रागावणार, हाकलून देणार, अशी त्यांची खात्री होती. पण कुणी रागावलं नाही. उलट लग्नाचा मांडव घालायचा विचार करावा तशी मंडळी कामाला लागली.

"म्हंजे तुमाले गावात थोडी गरिबी-श्रीमंती पायजे," डोमा म्हणाला.

"हो. थोडीशीच. कागदापुरती."

"किती?"

"मध्यम," सर पुटपुटले.

सुनिलने लगेच मिशीवर ताव दिला. "मले श्रीमंत करा. माह्याकडं बारा कोंबड्या लिहा."

"घरातलं मीठ सरलं ते नाई सांगत, म्हने श्रीमंत!" त्याची बायको पलीकडून म्हणाली आणि सगळा गोल हसला.

"श्रीमंत झाला का गावजेवन घालाव लागते, सुनिल," मुखरू म्हणाला. "घालशील का?"

सुनिल बारावरून आठवर आला, आठवरून सहावर. मग म्हणाला, "मले नोको. मुखरूले करा."

"मले काऊन? मले गरीब लिहा."

"मले बी गरीबच लिहा, सर!"

"मी तं त्याच्याहून गरीब!"

चारी बाजूंनी एकच गलका झाला. जो तो दुसऱ्यापेक्षा गरीब होऊ लागला. डोमा उभा राहून ओरडला, "अबे, सारेच गरीब झाले तं पुन्हा सारखेच झाले ना! सराले फरक पायजे, फरक!"

ऊन कलेपर्यंत हे चाललं. अखेर सुनिलच्या वाट्याला श्रीमंती आली; त्याने ती कुणाच्या उपकाराखातर घ्यावी तशी घेतली. बाकीचे पायरीपायरीने खाली बसले. एकेकाला विचारत डोमा गोल फिरला. "कबूल?" "कबूल." "कबूल?" "कबूल." सरांच्या मनात प्राध्यापक हा शब्द कोंबड्याच्या तुऱ्यासारखा डोलू लागला.

डोमा सोमारीबाईपाशी आला.

"नाई," सोमारीबाई म्हणाली.

"काऊन, बाई?"

"हा मले कागदावर एकटी लिहील. मंग गाव म्हनेल, ठराव एकटीचा झाला. हे लेकरं उठून आपापल्या घरी जातील. मंग मी सकाळी उठून भांडू कोनासंग?"

"बाई, हे कागदापुरतं आहे."

"या गावात कागदापुरतं कवा काय झालं?" सोमारीबाई म्हणाली. "कागदावर अर्धी सायकल लिहाची होती, तं तुमी पाना घेऊन सायकली खोलल्या."

 दिव्या म्हातारीच्या खांद्याला टेकून बसली होती. शेवटी डोमा सरांकडे वळला. "सर, तुमी सांगा. तुमी बी बसले आहा. जो बसला त्याले विचाराव लागते."

सगळा गोल सरांकडे बघू लागला. आयुष्यात एवढ्या माणसांनी एकदम त्यांचं मत विचारलं नव्हतं. वर्गात मुलं फक्त सुट्टी विचारायची. सर खाली बघत म्हणाले, "सोमारीबाईंचं बरोबर आहे."

"म्हंजे पाचच?"

"पाचच राहू द्या." आणि मग चष्मा पुसत, "फक्त सायकली तेवढ्या जोडून घ्या."

या ठरावाला एकमत व्हायला एक श्वासही लागला नाही. माणसं पाने घेऊन पळाली.

मुलाखतीच्या दिवशी सर इस्त्रीच्या शर्टात, ते शून्य घेऊन समितीपुढे बसले. समितीत तिघे होते. अध्यक्ष पुण्याकडचे, चष्म्यावरून बघणारे. एक नागपूरच्या बाई. आणि तिसरे एक स्थूल गृहस्थ, ज्यांचं अर्धं लक्ष शेजारच्या खोलीतून येणाऱ्या वांग्याच्या भाजीच्या वासाकडे होतं.

"गिनी गुणांक शून्य?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, असं कुठे असतं का?"

"नव्हतं, सर," अलोणे सर म्हणाले. "मी विचारल्यावर झालं."

मग त्यांनी अडखळत सगळं सांगितलं, अगदी सायकलच्या चाकासकट. अध्यक्षांनी फाइल मिटली. "संशोधकाने गाव मोजायचं असतं, बदलायचं नसतं. माझं मत नाही."

"माझंही," स्थूल गृहस्थ घाईने म्हणाले.

"माझं आहे," बाई म्हणाल्या. "आकडे रचायचे असते तर यांनी असले अशक्य आकडे रचले असते का?"

"दोन विरुद्ध एक. बहुमताने निर्णय झाला," अध्यक्ष म्हणाले. "आपण येऊ शकता."

सर उठले नाहीत.  भांडायला धीर लागतो, तो त्यांच्याकडे कधीच नव्हता. पण नुसतं बसून राहायला धीर लागत नाही, हे त्यांना मोहाखाली बसून कळलं होतं.

"बहुमताने नको, सर. एकमत होईपर्यंत बसू."

"आपलं मत कुणी विचारलंय?"

"मी बसलोय ना इथे. जो बसला त्याला विचारावं लागतं."

अध्यक्षांनी शिपायाला बोलावलं. शिपाई म्हणाला, "साहेब, पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या," आणि काय चाललंय ते बघत दाराशीच टेकला. बाहेर थांबलेले दोन उमेदवार डोकावले. एक वनस्पतिशास्त्राचे, एक इतिहासाचे. त्यांना वाटलं, सगळ्यांना एकदम बोलावलं. तेही खुर्च्या ओढून बसले.

"आता यांनाही विचारावं लागेल," अलोणे सर ओशाळून म्हणाले.

"हे काय चाललंय?" अध्यक्ष गरजले.

"ग्रामसभा," बाई म्हणाल्या. त्यांना आता मजा वाटू लागली होती.

सगळे बसले. घड्याळ फिरत राहिलं. स्थूल गृहस्थांच्या पोटातून आवाज आला. त्यांनी विचारलं, "एक सांगा, त्या सायकली पुन्हा जोडल्या का?"

"जोडल्या, सर. पण चाकं अदलाबदल झाली. मुखरूची सायकल आता सुनिलच्या चाकावर चालते, म्हणून दोघांना विचारूनच कुणी बाहेर काढतो."

स्थूल गृहस्थ हसू लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "माझं हो!" ते म्हणाले. "जेवायला चला."

वनस्पतिशास्त्र हो म्हणालं. इतिहासानेही मान डोलावली. शिपाई म्हणाला, "माह्यं बी हो, पन पोळ्या..." उरले अध्यक्ष. त्यांनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाले, "तीस वर्षं विषमतेवर लिहितोय मी. एका घरची एक कोंबडी माझ्या लेखांनी हलली नाही." एवढं बोलून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "बरं. माझंही हो. झालं एकमत?"

"नाही, सर," अलोणे सर म्हणाले.

"आता कोण राहिलं?"

"मी."

दाराला टेकलेला शिपाई ताठ उभा राहिला.

"म्हणजे असं," सर घाम पुसत म्हणाले, "मी जे केलं ते संशोधन आहे का, याची मलाच खात्री नाही. कागद मी लाजून आधी पाठवला. ठराव त्यांनी केला. कोंबड्या त्यांनी हलवल्या. यात माझं काय? अध्यक्षसाहेब पहिल्यांदा म्हणाले तेच मला पटलं होतं."

"पण मी ते मागे घेतलं ना!" अध्यक्ष जवळजवळ ओरडले.

मग सगळ्यांनी मिळून सरांना समजवायला घेतलं. बाईंनी त्यांच्या निबंधातले गुण सांगितले. स्थूल गृहस्थांनी माठांच्या निबंधाची स्तुती केली, ती त्यांनी तो न वाचता केली. वनस्पतिशास्त्राने खांद्यावर हात ठेवला. इतिहासाने सांगितलं की मोठमोठ्या माणसांना अशा शंका येतातच. शिपायाने पाणी आणलं आणि म्हणाला, "सर, म्हना ना हो एकदाचं. लेकरं उपाशी हायेत," आणि समितीकडे बोट दाखवलं.

सरांनी पाण्याचा घोट घेतला. सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"ठीक आहे," ते हळूच म्हणाले. "हो. पण तरी एक शंका राहतेच, की नमुना निवडताना..."

अध्यक्षांनी तेवढ्यात सही ठोकली.